लांबचं की जवळचं

३ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उजवा डोळा लहानपणापासून नावालाच. डाव्यात मोतीबिंदू पिकलाय म्हणाल्या. नंबर उणे अठरा. असा नंबर क्वचितच बघायला मिळतो म्हणाल्या. बरं वाटलं. पुढे म्हणाल्या, आतला पडदा ताणून पातळ झालाय, मधोमध डाग आहे, ऑपरेशन उत्तम झालं तरी फार आशा धरू नका. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं.

५ मार्च
ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायचं नवीन भिंग लांबचं हवं की जवळचं? बाई म्हणाल्या, तुमचं काम रफूचं, जवळचंच घ्या. बायकोही तेच म्हणाली. पण चष्मा काढून, कापड नाकाशी धरून मला धागा न् धागा दिसतो. हल्ली धुरकट, ते मोतीबिंदूमुळे. म्हणजे जवळचं आपल्याकडे आहेच! असलेली वस्तू पुन्हा कशाला घ्यायची? लांबचं सांगितलं. सही ठोकली.

९ मार्च, सकाळी
ऑपरेशननंतर रोज फिरायला जाणे. स्कूटर शिकणे. समोरच्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांना हात करणे. ते बरीच वर्षं करतात म्हणे.

१२ मार्च
झालं. काही दुखलं नाही. काही वाटलंही नाही.

१३ मार्च
पट्टी काढली. घरची भिंत पांढरी आहे. मी क्रीम समजत होतो. समोरच्या टाकीवरचा कावळा दिसला, बिनचष्म्याचा! दवाखान्यात बाईंनी तक्ता वाचायला लावला. तक्त्यावरच्या अक्षराकडे सरळ पाहिलं की तेवढंच अक्षर पुसलं जातं, शेजारची राहतात. तक्ता जुना असणार.

२ एप्रिल
दुकान उघडलं. वकीलसाहेबांच्या कोटाला कसर लागलीय. सवयीने चष्मा काढायला हात गेला. चष्माच नाही. कापड नाकाशी धरलं. नुसता करडा धूर. लांब धरलं तर कोट दिसला, भोक दिसेना. बल्ब बदलला.

२० एप्रिल
जवळचा चष्मा आला. धागे मध्येच वाकडे होतात. गिरण्या हल्ली विणतातच वाकडं. वकीलसाहेबांनी कोट परत आणला. रफू दिसतोय म्हणाले. वकिलांना खोट काढायची सवयच.

२४ एप्रिल
बाईंना म्हटलं, भिंग बदलून द्या. म्हणाल्या, भिंग ठीक आहे, आड येतो तो पडद्यावरचा डाग. लांबचं भिंग बसवल्यावर जुनी जवळची नजर गेली; जवळचं असतं तर कापड डोळ्याशी नेऊन थोडंफार निभलं असतं. आधीच सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. बायकोही म्हणाली नाही.

१५ मे
बायको आधी बटणं आणि हेमिंग करायची. आता रफूला बसते, माझ्या स्टुलावर. मी देखरेख करतो. शिवाय इस्त्री. तात्पुरतं. तुझा हात जड आहे, असं तिला म्हटलं. तिने मान वर केली. राग आला का, ते चेहरा बघून कळलं असतं. चेहऱ्याच्या जागी डाग. कान मात्र स्वच्छ दिसले.

८ जून
दुकानात एक नवीन बाई शाल घेऊन आल्या. रफू कोण करतं, म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं, तोवर बायको म्हणाली, मी करते. शाल तिच्याकडे गेली.
इस्त्री तापली का, ते बोट लावून पाहिलं. तापली होती.