पळी जिच्या हातात

आत्याबाई, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, पण तुमची पळी अजून लख्ख आहे. मी सांगते, नात लिहून घेते. तुमच्या सुनेला अक्षर अजूनही येत नाही, बोलणं मात्र तुम्ही होता तेव्हापेक्षा वाढलंय. भूकंपानंतरचं ते पत्र्याचं शेड आठवतं ना? घरं पडलेली, सगळ्या आळीची आमटी एकाच पातेल्यात. जाऊबाईंनी मीठ टाकलं. मला वाटलं राहिलंय, मीही टाकलं. पहिला घास घेऊन तुम्ही म्हणालात, "समुद्र बघायचा राहिला होता, तोबी दाखवलात गं बायांनो." मग पळी माझ्या हातात दिलीत. "आजपासून पळी जिच्या हातात, पातेलं तिचं. दुसरीनं झाकणबी उचलायचं न्हाई. काम झालं की पळी देऊन टाकायची." त्याच नेमावर मी लातुरात मेस चालवली. डॉक्टर व्हायला आलेली पोरं जेवली अन् क्लासला पळाली. खारट म्हणून कुणी ताट सारलं नाही.

आता नात भूकंपाची पेटी बनवतीय. पेटीत जणू दोन गडी: एक जमिनीचा हादरा टिपतो, दुसरा त्याची बातमी तारेतून पुढच्या गावांना धाडतो. पेटी एवढीशी, तिची मेमरीही एवढीशी. आधी बातमी या भांड्यातून त्या भांड्यात, तिथून तिसऱ्यात, अशी कॉपी होत जायची आणि त्यातच वेळ जायचा. भूकंप काय थांबतो का कुणासाठी, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तिनं ही ओताओत बंद केली. बातमी जिथं पडली तिथंच राहते, फक्त 'आता ही तुझी' एवढा निरोप पुढं जातो. पेटी चपळ झाली, पण बातमी नासून पोचायला लागली. धाडणाऱ्याचं वाचणं संपायच्या आत टिपणारा त्याच जागी नवा हादरा लिहून बसायचा. नातीच्या ध्यानात आलं तेव्हा ती हसत सुटली. "आज्जे, दोघींनी मीठ टाकलं बघ." मग तिनं पेटीलाही तुमचाच नेम लावला: निरोप ज्याच्याकडं, जागा त्याची.

काल मी पेटीशेजारी मुसळ आपटत होते. प्रत्येक ठोक्याची बातमी तिच्या मोबाइलवर धड उतरली. मी म्हणाले, "आता न्हाई नासायची." "न्हाई," ती म्हणाली, "पण काम झाल्यावर जागा परत द्यायला पाहिजे. कुणी धरूनच बसलं तर पेटी भरते अन् मुकी होते." एवढं बोलून तिनं माझ्या दुसऱ्या हातातल्या पळीकडं पाहिलं. गॅसपाशी तिची आई, माझी सून, रिकाम्या हातानं उभी होती.

हे पत्र धाडायचं नाही, आत्याबाई. राहू दे इथंच. 'आता हे तुमचं' एवढं म्हटलं की पुरे. आणि एक. माझ्या सुनेला नेम कधीचा शिकवून झाला, पळी तेवढी माझ्याकडंच राहिली. हे लिहू नको म्हणून मी नातीला बजावलं होतं, पण पेन तिच्या हातात आहे.