दोनशे फुटांच्या आतले मालक

प्रिय कर्ट,

वकिलाचं नाव नसलेला असा कागद मी तुला सहा वर्षांत पहिल्यांदाच पाठवते आहे. कचेरीचा कागद वापरायचा नव्हता म्हणून घरच्या वहीची पानं फाडली, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या आहेत. फोन केला असता, पण माझ्या आवाजावरून तू काहीतरी ठरवलं असतंस.

बातमी अशी की हायवेच्या पलीकडे, हॉफमनांच्या शेतावर, एक अवाढव्य दुकान येऊ घातलंय. एकच मजला, खिडक्या नाहीत, एक लाख शहाऐंशी हजार चौरस फूट. त्यासाठी चौतीस एकर जमीन शेतीच्या झोनमधून व्यापारी झोनमध्ये न्यायची आहे. चौदा तारखेला, मंगळवारी, नगर परिषदेत मतदान आहे. आठांपैकी पाच जण दुकानाच्या बाजूचे आहेत. पण आपल्या गावचा तो जुना नियम तुला आठवत असेल, जेवताना मी तो तुला नको तितक्या वेळा ऐकवलाय. झोन बदलायच्या जमिनीच्या कडेपासून दोनशे फुटांच्या आत जी जमीन येते, तिच्यातल्या वीस टक्क्यांच्या मालकांनी लेखी हरकत घेतली तर पाच मतं पुरत नाहीत, सहा लागतात. सहावं मत त्यांच्याकडे नाही. आपल्या शेजारची इर्मा टीसेन ब्याऐंशीव्या वर्षी वॉकर ढकलत दारोदार फिरली. सह्या मिळाल्या त्या सतरा टक्के जमिनीच्या. तुझ्या वडिलांची भोपळ्यांची पट्टी, जी आता तुझी आहे, ती एकटीच साडेचार टक्के भरते.

तू सही कर असं मी म्हणत नाही. करू नकोस असंही नाही. गावची नियोजन अधिकारी म्हणून मी दिलेला अहवाल मंजुरीचाच आहे, कारण अर्जात नियमाला सोडून काही नव्हतं. खोट असेल तर नियमात असेल, आणि तो नियम माझा आहे. हजार चौरस फुटांमागे पाच गाड्यांची जागा, हे मी सव्विसाव्या वर्षी लिहिलं. लिहिलं कसलं, कॉलेजच्या पुस्तकातून उतरवून काढलं. जाहीर सुनावणीत त्यांचा इंजिनियर ब्रॅनिगन म्हणाला, "मॅडम, आम्हाला चार पुरतात. पाचवी तुमच्या गावाला हवीय." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन नकाशा पसरला. जास्तीच्या एकशे शहाऐंशी गाड्यांचं डांबर थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सेलच्या झुंबडीत, भरेल, बाकी वर्षभर रिकामं राहील. आणि तेवढ्या डांबरासाठी त्यांची हद्द सरकत सरकत तुझ्या पट्टीजवळ आली आहे. मी आकडा चार लिहिला असता तर तू दोनशे फुटांच्या बाहेर राहिला असतास आणि हे पत्रही लिहावं लागलं नसतं.

त्याच सुनावणीत इर्मा उठली. तिने मला सगळ्यांसमोर विचारलं, "अगं जोलीन, कर्टला कळवलंस का?" मी म्हटलं, नोटीस गेली आहे. "गेली का ते नाही विचारलं मी. मिळाली का ते सांग." गावचे वकील मध्ये पडले, "आजी, पाठवणं आमचं काम, वाचणं त्याचं." इर्मा म्हणाली, "तुझी आजी असते तर तुला बोलायला शिकवलं असतं." नंतर बाहेर, गाडीपाशी, तिने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. अधिकाऱ्याने मालकाचा खाजगी पत्ता एका बाजूला द्यायचा नसतो. मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "नियमाआड बसायला तुला छान जमतं, पोरी." नियम खरा होता. तो सांगताना मी खरी होते का, हे त्या दिवसापासून रोज स्वतःला विचारते आहे.

कारण नोटीस करखात्याच्या यादीतल्या पत्त्यावर जाते, आणि तू जाताना तो पत्ता बदललाच नाहीस. कर तू इंटरनेटवर भरतोस, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कचेरीत एक्केचाळीस पाकिटं स्वतः बंद केली. तिसऱ्या दिवशी त्यातलं एक आपल्या, म्हणजे माझ्या, दारातल्या पेटीत आलं. कायद्याने तुला कळवलं गेलं होतं. आणि तुला कळलेलं नाही हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

ते पाकीट सोळा दिवस जेवणाच्या टेबलावर होतं. पुढे पाठवलं तर आपण एक बाजू घेतली असं होईल, अशी मी स्वतःची समजूत काढत होते. ते खोटं होतं, न पाठवण्यातही बाजू होतीच. खरी गोष्ट लिहायला लाज वाटते. तुझ्या नावाचं काहीतरी घरात आलं होतं. संध्याकाळी आल्यावर ते मला दिसायचं, आणि मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून जेवायचे. पुढे पाठवलं तर तू पत्ता बदलशील, आणि मग इथे तेवढंही येणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. त्यासाठी मी एका म्हाताऱ्या बाईला सतरा टक्क्यांवर अडवून ठेवलं.

पाकीट न उघडता सोबत ठेवलं आहे. हरकत नोंदवायची असेल तर तेरा तारखेला, सोमवारी, दुपारी बारापर्यंत कचेरीत पोचायला हवी, फॅक्स चालतो. ते पाकीट कुठे पडून होतं, हे मी उद्याच महापौरांना सांगणार आहे, तुझं उत्तर काहीही येवो. दुसरा कागद पत्ता बदलण्याचा फॉर्म आहे. पट्टीचा नंबर मी भरलाय, नवा पत्ता आणि सही तुझी. पेटीवरचं तुझं आडनाव मी अजून खरवडलेलं नाही. फॉर्म पोचला की खरवडीन.

अजून तुझ्याच पत्त्यावर राहणारी,
जोलीन