मायनं कोण म्हणून जायचं

आप्पा, चारच दिवस मागितले होते तुमच्याकडं, तेही तुम्हाला जमले नाहीत. सिनेमात दरोगा व्हायला, सावकार व्हायला, लोकांच्या पोरींचे बाप व्हायला वर्षंच्या वर्षं होती, अन् मायच्या कपाळाला परत कुंकू लावायला चार दिवस नव्हते. आता बंगलोरहून फोन येतो आणि तुम्ही किती मोठे होता ते मला ऐकवतात. मी चौथी शिकले, तीही धड नाही, पण ज्याला घरचं एक काम पुरं करता आलं नाही त्याला मोठं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

फोनवाला तुमच्या सिनेमांना कॅमेरा धरायचा म्हणे, आता म्हातारा आहे. तुटकी हिंदी बोलतो, तेवढी मला कळते. तुमचे सिनेमे मोठ्या हॉलात परत दाखवणार आहेत. कापडाच्या गाठी घेऊन हुबळीला गेलेला बुऱ्हाणपूरचा माणूस तिथल्या नाटक कंपनीत पडदे ओढता ओढता कन्नड शिकला, मग खलनायक झाला, मग स्वतः सिनेमे काढले, एक चालला, दुसरा बसला, हे सगळं स्टेजवर सांगणार. मायला पुढच्या खुर्चीत बसवायचं आहे. गुरुवारी तिकिटं काढणार, तोवर हो का नाही ते कळवा म्हणाला. मी मशीनवर साडीला फॉल लावत होते. मायला कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकलं.

"जाईन मी," म्हणाली. "पण कोण म्हणून जाऊ ते सांग आधी."

तिचं काय चुकलं? मी आठ वर्षांची होते. दापोऱ्याचा ट्रकवाला केळी उतरवून दक्षिणेकडून आला आणि तुमचं पोस्टर घेऊन आला. तुमचा हा एवढा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढं उदबत्ती, खाली पांढऱ्या कपड्यातली माणसं रडताहेत. बाकी सगळी अक्षरं जिलेबीच्या वेटोळ्यांसारखी, आपल्या अख्ख्या राजपुरा मोहल्ल्यात कोणाला वाचता येईनात. आजोबांनी तार केली. तुम्ही कुठंतरी जंगलात शूटिंगला, उत्तर आलं नाही. पंधरा दिवस वाट पाहून नदीवर राजघाटाला दर्भाचा पुतळा जाळला. मायच्या बांगड्या आत्यानं फोडल्या, मी बाजूला बसून काचा गोळा करत होते. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा झटकन शिवला. बायका म्हणाल्या, जीव कशात अडकला नव्हता माणसाचा.

आणि महिन्याभरानं तुम्ही दारात. हातात सुटकेस, डोळ्यांवर काळा चष्मा. आत्या किंचाळून माडीवर पळाली. सगळं कळल्यावर तुम्ही ओसरीवर बसून हसताय, मला अजून दिसतं. "अरे, ते सिनेमाचं पोस्टर. तिकडं तर मी पंचवीस वेळा मेलोय. तोंड धुतलं की उठतो." गुरुजी आले, त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत आला तर त्याचा नवा जन्म करावा लागतो. अंघोळ घालून बारसं, मुंज, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. चार दिवस लागतील. तुम्ही शूटिंगला परवाच्या तारखा दिलेल्या. पुढच्या वेळी करू म्हणालात. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी आहे, हाताला पीठ, कपाळ मोकळं. ती आजोबांसमोर कधी बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "मग मी उद्यापासून काय लावू?" तुम्ही म्हणालात, लाव की, कोण अडवतो. आजोबा म्हणाले, मी अडवतो. तुम्ही जेवून निघून गेलात.

खरोखरचे गेलात तेव्हा बंगलोरहून माणूस सांगायला आला. मायनं त्याला पाणी दिलं, पण ती रडली नाही. म्हणाली, तेही सिनेमातलंच असेल.

इतके दिवस मी हे असंच सांगत आले, इथं बुधवारा मोहल्ल्यात साड्या द्यायला येणाऱ्या बायकांना, नवऱ्याला, पोरांना. सगळे तुम्हालाच नावं ठेवतात. पण फोन ठेवता ठेवता तो म्हातारा बोलून गेला, तुम्हाला तिकडं अण्णा म्हणायचे, "अण्णा कहते थे, बीवी ने वापस नहीं लिया." तेव्हापासून माझ्या हातून एक फॉल सरळ बसलेला नाही.

तुमचं पत्र आलं होतं, आप्पा. आजोबा गेल्यावर. मी चौदा वर्षांची, घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. माय चुलीपुढं बसली होती, मी वाचून दाखवत होते. तब्येत, पाऊस, नवा सिनेमा, सगळं वाचलं. पुढं होतं, आखाजीच्या सणाला चार दिवस काढून येतो, गुरुजींना सांगून ठेव, विधी करू, लग्न लावू, मग तुला इकडंच घेऊन येतो. पोरीला आत्याकडं ठेवू, तिला इकडची भाषा जमायची नाही. तेवढं मी वाचलं नाही. खाली तुमची सही होती, ती वाचली. माय म्हणाली, "बस, एवढंच?" मी म्हणाले, एवढंच. आणि कार्ड आणून तिच्या नावानं मीच लिहिलं, येऊ नका, आता नको. त्या आखाजीला ती बायकांना झोके देत राहिली, स्वतः एकदाही झोक्यावर बसली नाही.

म्हणजे चार दिवस तुम्ही काढले होते. मला मायजवळ राहायचं होतं, म्हणून मी ते खाल्ले.

आता तुम्हीच सांगा. तिला खरं सांगितलं तर ती बायको म्हणून जाईल, कुंकू लावून जाईल, कोण काय म्हणेल ते म्हणो. पण मग माझ्या हातचं पाणी पिईल का? नाही सांगितलं तर ती जाणार नाही, आणि त्या हॉलात लोक हेच समजतील की बायकोनं टाकलं होतं. हे कागद मशीनच्या खणात ठेवते, पोस्टात टाकायला पत्ता कुठला. गुरुवारी सकाळी तो फोन करेल. मला बुधवारच्या संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. कावळा पाठवू नका, तो तुम्ही जिवंत असतानाही शिवला होता. स्वतः या.