गुडघ्याखालची गोधडी

३ नोव्हें., सोम.
सुमन आजही हॉलमधल्या लाकडी खुर्चीतच झोपली. दसऱ्यापासून हेच चाललंय. कमरेतली शीर दबलीय, आडवं पडलं की उजव्या पायातून टाचेपर्यंत कळ. आतल्या बेडवर मी एकटा. तिच्या बाजूची चादर सकाळी जशीच्या तशी, एक सुरकुती नाही. बघवत नाही.
मनीषाचा उलव्याहून फोन. "बाबा, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर आईला मी इकडे घेऊन येते. रिक्लायनर सोफा आहे आमच्याकडे." तुम्हीपण या, असंही म्हणाली. मध्ये एक श्वास घेऊन.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात सु. माहेरी गेली तेवढेच दिवस आम्ही वेगळे.

५ नोव्हें., बुध.
फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊन गेली. म्हणाली, पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली काहीतरी हवं, म्हणजे कंबर सैल पडते. मी लगेच माझी उशी काढून दिली. सु.ने ती परत केली. "डोक्याची उशी पायाखाली? आन् उद्या परत त्याच्यावर डोकं ठेवायचं? कायतरीच तुमचं."
ती पोर हसली. म्हणाली, आजी, पायांची वेगळीच मिळते.
दुपारी पाचवीच्या पुस्तकातली पाखराची कविता आठवत बसलो. दुसरं कडवं सापडत नाही. चाल मात्र सगळी आठवते.

८ नोव्हें., शनि.
मनीषाने मागवलेलं पार्सल आलं. फोमचं, वर गोल, खाली सपाट. पाव आडवा कापल्यासारखं. प्लास्टिकचा उग्र वास. गॅलरीत ठेवलं दिवसभर, वास तसाच.
सु. वामकुक्षीला त्यावर पाय टाकून पडली. वीस मिनिटांत उठली. "कोणतरी खालून ढोसतंय. टायरवर पाय टाकल्यासारखं वाटतं."
"सवय होईल."
"तुमाला होऊ द्या."

९ नोव्हें., रवि.
पुन्हा प्रयत्न. या वेळी दहा मिनिटं. खाली घाम आला, म्हणाली. मग मी त्यावर पडून पाहिलं. मला उलट छान झोप लागली. ते तिला सांगितलं नाही.

१० नोव्हें., सोम.
सु. भजनी मंडळात गेली होती. दिवाणाच्या पोटातून आईची गोधडी काढली. आईच्या दोन लुगड्यांची. एक हिरवं इरकल, एक विटकरी. बावीस वर्षं झाली तिला जाऊन, अजून डांबराच्या गोळ्यांमागून तिचा वास येतो, की मलाच तसं वाटतं.
त्या संध्याकाळी आठवल्या. दिवेलागण झालेली. आई खाटेवर पडलेली, सु. तिच्या पायथ्याशी बसून पाय दाबतेय, मी स्टुलावर बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणतोय. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण लांबलचक कथाकविता तिला कडव्याच्या क्रमासकट पाठ झाल्या होत्या. "परत म्हण रे ती शेवटची दोन." अकरा वर्षं. आयुष्यातली सर्वांत भरलेली वेळ तीच, असं नेहमी वाटतं.
गोधडीची गुंडाळी केली. घट्ट नको, सैलही नको. गुडघ्याखाली धरून धरून तीनदा सोडली, चौथ्यांदा जमली. नाडीने बांधली. जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला. टाके वाकडे.
सु.ने विचारलं, कशाचं केलं?
जुन्या चादरींचं, म्हणालो.

११ नोव्हें., मंगळ.
दुपारी दीड तास झोपली. घोरली! दारात उभा राहून ऐकत होतो.

१३ नोव्हें., गुरु.
तीन दिवस झाले, ती आत झोपते. माझ्या शेजारी. पहाटे तिचा हात माझ्या अंगावर पडला होता. झोपेतच. मी कूस बदलली नाही, खांद्याला मुंग्या आल्या तरी.
मनीषाला कळवलं. "वा बाबा, देशी जुगाड!" सु. फोनवर तिला सांगत होती, "तुझ्या बाबांनी शिवलंय. शिवण बघून हसशील."
पाखराच्या कवितेचं दुसरं कडवंही आज सापडलं, आंघोळ करताना.

१७ नोव्हें., सोम.
सु.ने अभ्रा धुवायला काढला. मी दूध घेऊन आलो तर ती बेडच्या कडेवर बसलेली. मांडीवर गोधडी, हिरवा काठ वर आलेला. माझ्याकडे बघितलं. मग गोधडीला हात लावून नमस्कार केला. घडी घालून खुर्चीत ठेवली, आणि नंतर उचलून पुन्हा दिवाणात.
"सासूबाईंच्या लुगड्यावर पाय ठिवून घेतलेत माज्याकडून."
साताऱ्याकडचं बोलणं तिच्या तोंडी आलं की समजायचं, प्रकरण खोल गेलंय. मी म्हणालो, "आईला आनंदच झाला असता. तू एवढी तिची सेवा केलीस, तर तीच आता तुझे पाय..."
"गप बसा."
संध्याकाळपासून खुर्चीत.

१८ नोव्हें., मंगळ.
आज बोलली. भाजी निवडत होती, मान वर न करता.
"पायाचं एक झालं. पण तुमी कवितेसारखं करून सांगितलंत ना काल, ते लागलं. मी दिवसभर रबाळ्याच्या कंपनीत पॅकिंगला उभी असायचे. घरी येऊन सैपाक. मग त्यांचे पाय. कविता संपेपर्यंत दाबायचे, असं ठरलेलं. तुमाला माहीत होतं."
माहीत होतं का? होतं.
"आन् तुमी कडवी परत परत म्हणायचात. त्यांनी नाय सांगितलं तरी."
मीही ताटातली एक शेंग उचलली.
"कविता म्हणू नका असं कधी नव्हतं माजं. पुरे, आता उठ, एवढं म्हणायचं होतं तुमी. त्या नसत्या म्हणाल्या. तुमी म्हणायचं."
गवारीच्या शिरा काढत राहिली.

२० नोव्हें., गुरु.
दोन दिवस काही लिहवलं नाही, म्हणजे एकच दिवस. दोन वाटले.
खरं आहे ते. चाल जमून आली की मला थांबायचं नसे. दिव्याचा उजेड, आईचे मिटलेले डोळे, आणि स्वतःचा आवाज. सु.चे हात दिसत होते मला, पण त्या चित्राचाच भाग असल्यासारखे. ते कोणाचे हात आहेत आणि दमले असतील, हे अकरा वर्षांत एकदाही...
दुपारी तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसलो. झटकन पाय वर घेतले तिने. "उठा बघू. पाप नका चढवू माज्यावर." मी उठलो. तेवढ्याशा उठण्यानेही आज दम लागला.

२१ नोव्हें., शुक्र.
खुर्चीत बसून बसून तिची पावलं सुजली. मनीषाला मी सांगितलं नाही, तिनेच सांगितलं. रविवारी पाचला गाडी घेऊन येते म्हणाली.
सु.ने बॅग काढली. चार साड्या, गोळ्यांचा डबा, शेक घ्यायची पिशवी.
"तुमचं जेवणाचं?"
"बघेन."
"खालच्या पोळीभाजीवाल्या ताईंना सांगून ठिवते."
झोपायची उशी बॅगेत बसली नाही. हातात घेईन म्हणाली.

२३ नोव्हें., रवि.
पाच वाजायला थोडा वेळ आहे.
जेवणानंतर तिला म्हणालो, "सुमन, चुकलं माझं. मी थांबायला हवं होतं." इतकंच. आणखी वाक्यं तयार केली होती रात्री, ती मुद्दाम बोललो नाही.
तिने गोळ्यांचा डबा बॅगेत नीट बसवला. मग म्हणाली, "तिकडं त्या सोफ्यावर तरी झोप लागंल का, कुणास ठाऊक." मी म्हणालो, लागेल.
तासाभराने: "ही खुर्ची आत जाईल का ओ? बेडच्या बाजूला?"
मी टेप आणली. आतल्या दाराची रुंदी सव्वाएकोणतीस इंच. खुर्ची हातांसकट एकतीस. आडवी करून बघितली, पाय अडकतात. हात काढले तर जाईल. प्रत्येक हाताला दोन स्क्रू. तीन निघाले. चौथा गंजलाय, हलत नाही, पेचकस घसरून बोटाला खरचटलं.
बॅग दाराशी आहे. चेन लावलेली नाही.
मनीषाचा फोन, खाली आलेय, पार्किंग शोधते.
सु. स्टुलावर बसून बघतेय. "जोर नका लावू. तेल सोडा त्याच्यावर. खोबरेल चालंल."
सोडलंय. मुरायला दहा मिनिटं तरी लागतील.