बुकातलं पहिलं नाव

नाही वाल्मीकराव, ‘गाडीचं बुक हरवलं’ म्हणून मी सही करणार नाही. तुम्ही आणि तुमचा आर.टी.ओ. एजंट रंगनाथ, दोघं अंगणात खाटेवर बसा. मी आत लिहितोय ते गाडीचंच आहे. तुम्हाला वाटतंय ते नाही, एवढंच.

मी, भिकन सावळीराम पगारे, वय एकोणतीस, बी.ए. पास, राहणार देवळाली कॅम्प, डोकं ठिकाणावर ठेवून आणि कुणाच्या दमात न येता हे मृत्युपत्र लिहितो. माझ्या हृदयाची एक झडप निकामी झालीय. शुक्रवारी मुंबईत ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात निम्मा चान्स. गाडीचा माझ्यापेक्षा बरा आहे.

१. गाडी म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जुनी लष्करी पिकअप. माझे वडील सावळीराम कॅम्पातल्या वर्कशॉपात फिटर होते. १९५९ साली लष्कराच्या लिलावात त्यांनी ती घेतली. बोली संपली तरी कारकून अर्धा तास पेन उघडं ठेवून बसला, ‘मालक येऊ दे’ म्हणत. मालक समोरच उभा होता. शेवटी पावतीवर त्याला नाव लिहावं लागलं, आणि तेच नाव आर.सी. बुकाच्या पहिल्या पानावर आलं. वडील गेल्यावर त्याखाली माझं.

आज हेड गॅस्केट गेलंय, रेडिएटर गळतो, सेल्फ बंद आहे, पुढची चाकं जोडायचा लिव्हर ओढला की आत गिअर दात खातात. तरी वाल्मीकरावांना ती विकत हवीच. द्राक्षांच्या छाटणीनंतर त्यांच्या दिंडोरीच्या बागेतल्या काळ्या चिखलातून फवारणीची टाकी दुसरं काही ओढत नाही. गाडी चालेल, मोडकी चालेल. नाव चालत नाही.

“लय चांगला माणूस व्हता तुमचा बाप,” मघाशी म्हणाले. “पण दसऱ्याला बुक देवापुढं ठेवावं लागतं ना, भाऊ. घरातलं कोणी उघडून पाह्यलं म्हंजे?”

“देवाला वाचता येतं का?” माझ्या बहिणीनं, सुमननं, विचारलं.

रंगनाथ मध्ये पडला. “ताई, भाऊनी फक्त बुक हरवलं म्हणून लिहून द्यायचं. नवीन काढतो. त्यात आधी माझं नाव टाकतो, मग शेठचं. कुणाचं काय जातं?”

कुणाचं काय जातं, तेच लिहितोय.

२. राहतं घर आई शकुबाईला. बँकेत जे असेल ते तिलाच. ती म्हणते, “दे सोडून भिकन. लोखंडावरचं नाव काय करायचंय, तू परत ये म्हंजे झालं.” तिचं चुकत नाही. म्हणून माझ्यावर चिडायचा पूर्ण हक्कही तिलाच देतो.

३. गाडी, बुक आणि पान्यांची पेटी सुमनला. ती शाळेत मास्तरीण आहे आणि गिअरबॉक्स उघडून परत बसवते. मला गिअरबॉक्सवर नुसत्या कविता करता येतात. तिनं गाडी दुरुस्त करावी, विकावी, भंगारात घालावी. वाल्मीकरावांनाही विकावी. अट एकच: घेणाऱ्यानं भर दिवसा आमच्या अंगणात उभं राहून पहिल्या पानावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. मग किल्ली.

४. ओढायची साखळी वाल्मीकरावांना. १९७४ च्या पावसाळ्यात त्यांचा ट्रॅक्टर नाल्यात रुतला, वडिलांनी तो याच साखळीनं बाहेर काढला. त्यांच्या आईनं, चतुराबाईंनी, घागर मागवली. ट्रॅक्टर बॉनेटपर्यंत चिखलानं माखलेला, तो तसाच राहू दिला. आमची साखळी अडकवली होती तेवढा हुक धुतला. वडील गाडीत बसून बघत होते. परत येताना त्यांनी पुढची चाकं सोडवली नाहीत, डांबरी रस्त्यावरही नाही. कडक रस्त्यावर चारही चाकं जोडून पळवली की गिअर घासतात; हे दात तेव्हापासून झिजलेत. साखळी स्वच्छ आहे, वाल्मीकराव. धुऊन घ्या.

५. स्टार्ट करायचं हँडल रंगनाथला. ते उलटं फिरलं की मनगट मोडतं. आधी सांगून ठेवलं, म्हणजे नंतर तक्रार नको.

६. माझ्या कवितांची वही कुणालाच नाही. पुठ्ठा जाड आहे, पाण्याच्या पंपाला त्याचं पॅकिंग निघेल.

७. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी मजकूर वाचायचा नसतो, मला सही करताना बघायचं असतं. बाहेर दोघं आयतेच बसलेत. कागदाची घडी घालून नेतो. ‘गाडीचा कागद आहे, तुमच्या साक्षीच्या सह्या लागतात’ असं सांगेन, त्यात एक अक्षर खोटं नाही. रंगनाथ छापील फॉर्मशिवाय काही वाचत नाही आणि शेठना घाई आहे. पगारे या नावाखाली ज्यांना आपलं नाव नको होतं, ते आता स्वतःच्या हातानं आपलं नाव तिथं घालतील. आणि हा कागद हरवला म्हणून कुणी लिहून देणार नाही.

दोनची एस.टी. आहे. सह्या झाल्या की कागद सुमनच्या हातात, पिशवी माझ्या हातात. घडी तिनं मी रस्त्याला लागल्यावर उघडावी.

खाटेवरच्या दोघांना ऐकू जाईल असं, शाळेतल्या आवाजात वाच, सुमे. मी थांबत नाही.

देवळाली कॅम्प, जिल्हा नाशिक
बुधवार, १२ सप्टेंबर १९८४

सही: भिकन सावळीराम पगारे

त्याखाली साक्षीदार:
सही: वाल्मीक केरू पिंगळ
सही: रंगनाथ भिका कासार