मॅच की मॅग्नम

१२ जाने., रवि.
आज पुन्हा काडतुसं भरायच्या टेबलाशी बसलो आणि तसाच उठलो. प्रायमरच्या दोन्ही डब्या समोर, मॅच आणि मॅग्नम. काडतुसाच्या बुडात बसणारी, पिन आपटली की ठिणगी देणारी टिकलीएवढी वस्तू, पण तिच्यापायी दोन हिवाळे डोकं खाल्लं. थंडीत पावडर नीट पेटावी म्हणून मी मॅग्नम म्हणत होतो. मला शिकार शिकवणारे ससाकी-सान म्हणाले, "सेंदाई म्हणजे होक्काइदो नव्हे. मॅच घ्या, गोळ्या एका जागी पडतील." पडल्याच की! शंभर मीटरवर तीन गोळ्या, अंगठ्याखाली झाकतील अशा.
आणि डिसेंबरात रानडुक्कर समोर आलं तेव्हा नुसतं खट्ट.

१५ जाने., बुध.
मुग्धाने गॅस लावला. खट्ट. माझ्या हातातून आमटीची वाटी पडली. "अजून किती दिवस रे असं?" म्हणाली आणि फडकं घेऊन बसली.
आठ पावलांवर होतं डुक्कर. चाप ओढला, काडतूस उडालं नाही. ते वळलं आणि खाली उभ्या असलेल्या ससाकी-सानांवर गेलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मांडी फाटली. ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडले असते तर बरं, निदान तो आवाज ऐकू आला असता. मला अजून खट्टच ऐकू येतं.

१८ जाने., शनि.
ससाकी-सान हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलो. मिकान संत्री नेली. जमिनीवर बसता येत नाही म्हणून खुर्चीतूनच वाकले, अगदी खाली. "तुम्ही मॅग्नम म्हणत होतात. मी ऐकलं नाही. चूक माझी." त्यांच्या पत्नी, ओकुसान, त्याही वाकल्या. मीही वाकलो, सवयीने. वर आलो आणि बोललो काय, तर यंदा बर्फ फार. लाज वाटते स्वतःची.

१९ जाने., रवि.
रेंजवर. तेच काडतूस, पोलिसांनी बघून परत दिलेलं. पुन्हा चाप ओढला. उडालं. वर मधोमध लागलं!
म्हणजे प्रायमर चांगला होता.
घरी येऊन त्याच खेपेची उरलेली अकरा काडतुसं चाचपली. चार प्रायमर किंचित वर, नखाला लागतात. पिनीचा तडाखा त्यांना आत ढकलण्यातच संपतो. हे मला ससाकी-सानांनीच शिकवलंय: प्रायमरच्या खळगीतली जुनी काजळी खरवडा, मग प्रायमर दाबा, मग प्रत्येकावर बोट फिरवा.
ही खेप भरली त्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल होता. फोन प्रायमर दाबायच्या प्रेसला टेकवलेला. "काय रे सारखं दाबतोयस?" "काही नाही गं, छंद." (आईला वाटतं मी कागदावरच नेम धरतो. डुकराचं कळलं तर घरात घेणार नाही.) मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन, सोसायटीतलं भांडण... हं हं करत राहिलो. काजळी काढली नाही. बोटही फिरवलं नाही. दर वेळी करतो. त्या दिवशी नाही.

२१ जाने., मंगळ.
मुग्धाला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग, "त्यांना सांगितलंस?"
"परवाना जाईल माझा. दहा वर्षं शॉटगन सांभाळली तेव्हा कुठे रायफल..."
"मी परवान्याचं विचारलं का?"
जेवलो नाही.

२३ जाने., गुरु.
दुपारी ऑफिसात ओकुसानचा फोन. ससाकी-सान उद्या सकाळी रायफल पोलिसात जमा करणार. चाळीस वर्षं वापरलेली. म्हणतात, ज्याच्या सल्ल्याने घात होतो त्याने बंदूक ठेवू नये. "तुम्ही समजवा ना. तुमचं ऐकतील." माझं!

त्याच दिवशी, ५.४०. गाडीत, त्यांच्या दारासमोर. वीस मिनिटं झाली. जपानी वाक्य जुळवतोय, जुळत नाही. मराठीत सरळ येतंय: काका, तुमचा सल्ला बरोबर होता, घाण मी केली. वीस वर्षं झाली इथे, रोज मीटिंगा घेतो, आणि एवढं एक वाक्य...
दार उघडलं. गाडी ओळखली त्यांनी. काठी टेकत स्वतःच येतायत, पायऱ्यांवर बर्फ आहे, ओकुसान मागून ओरडतायत. मला बघून हात हलवतायत.
अरे देवा, हसतायत.