चाळीस ड्रमांवरचा नंबर

थिका, केनिया
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय शब्बीरभाई,

अस्सलामु अलैकुम. मी इथं बरा आहे. अम्मीचे गुडघे कसे आहेत? सिद्राला निबंधात बक्षीस मिळालं असं झिनतभाभीने सांगितलं. तिला म्हणावं, काकाच्या चुका काढायला हे पत्र घे. सहावीत शाळा सोडल्यापासून एवढं लांब मी कधी लिहिलं नाही.

फोनवर बोललो असतो. पण तू ‘बोल’ म्हणतोस आणि मी अम्मीच्या गुडघ्यांवर येतो. माझ्यासोबत काम करणारा कामरान सुट्टीवर मोहोपाड्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

अव्होकाडोचा हंगाम सरत आला. फॅक्टरीतला तेलाचा घाणा दिवसातून चारच तास चालतो. बाकी वेळ हात रिकामे, आणि रिकाम्या हातांनी माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे.

गजादादाचं कळलं. कळंबच्या रस्त्याला मोटरसायकल बाजूला लावली, छाती धरून बसला, तो उठलाच नाही. भाभी म्हणाली, तू मातीला निघालास पण पुलापर्यंतच गेलास. गाडी बंदही केली नाहीस, तिथूनच फिरलास. मी तुला बोल लावत नाही, भाई. तुला जे माहीत होतं त्यावर तू फिरलास. माहीत नव्हतं ते लिहायला बसलोय, आणि बघ, एक पान झालं तरी गुडघे आणि बक्षीसच चाललंय.

मी पाठवलेली अव्होकाडो तेलाची पहिली बाटली आठवते? तू आणि गजादादा अंबूआईच्या ओट्यावर बसला होतात. तिने वास घेतला आणि मुलाला म्हणाली, “गजा, ह्ये म्हशीला पाज.” मग थोडं केसांना लावलं. तिथंच गजादादाच्या डोक्यात आलं की कर्जतपासून कळंबपर्यंतच्या रिसॉर्टवाल्यांना हे तेल आपण पुरवायचं. तू गिऱ्हाईक बघायचं, बाटल्या भरायच्या. कागद त्याने सांभाळायचे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता, इंग्रजी वाचायचा. परवाना, तपासणी, तेलाची मुदत किती उरली पाहिजे, सगळं त्याने एकट्याने शिकून घेतलं.

फेब्रुवारीत तुमचे चाळीस ड्रम भरले. ड्रमवर लॉटचा नंबर टाकायचं काम माझं. आकडे कापलेला पत्रा धरायचा आणि वरून काळा रंग मारायचा. तपासणीच्या कागदावर ४१२, तर ड्रमवर ४१२. एवढंच काम.

पण आपल्या घरचा पहिला माल होता. अब्बा नवी वही उघडायचे तर आधी ७८६. तुझ्या टेंपोच्या काचेवर ७८६. मीही नंबराच्या आधी तेच मारलं, त्याच पत्र्याने, त्याच रंगात. ७८६४१२. बरकत यावी म्हणून. चाळीसच्या चाळीस ड्रमांवर.

तिकडे बंदरावर अन्नतपासणीचे साहेब म्हणाले, कागद ४१२ चा आहे, हा माल दुसराच. त्यांनी नमुनाच घेतला नाही. ड्रमचा फोटो गजादादाकडे आला आणि त्याने तुझ्याआधी मला फोन केला.

“अझर, ड्रमावर ह्ये काय लिवलंस रं?”

मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, “बरकतीला पन आता फॉर्म भरावा लागतो, बाबा.” मग विचारलं, ही चूक आमची आहे असं पत्र फॅक्टरीकडून मागितलं तर तुझं काय होईल? मी म्हणालो, लॉटच्या नंबरात हात घातला म्हणून गेल्याच महिन्यात एकाला त्याच दिवशी काढलं.

 तेव्हा तो म्हणाला, “कशेळ्याची जीप चालवायची सोडलीस, रिसॉर्टची नोकरी सोडलीस. पयल्यांदा कुठं टिकलायस. ऱ्हा तिथं. शब्बीरला बोलू नको. कागद मी भरलेत, आकडा मीच चुकवला म्हनून सांगीन.”

ते एक पत्र आलं असतं तर माल आठवड्यात सुटला असता. त्याने ते मागितलंच नाही. आपल्याच कागदावरचा नंबर ड्रमांप्रमाणे बदलून घ्यायला दोन महिने बंदराच्या फेऱ्या मारल्या. एप्रिल गेला, मे गेला. ड्रम उन्हात. शेवटी नमुना घेतला तेव्हा तेल खवट झालेलं. सगळा माल नष्ट करायचा हुकूम निघाला. तुझा टेंपोही त्या तोट्यातच विकला गेला.

तू त्याला भर नाक्यावर म्हणालास, आंधळ्याच्या हाती कागद दिले मी. हे त्यानेच मला हसत सांगितलं. वर म्हणाला, “उतरंल त्याचा राग. पावसाला जाऊ दे.”

पावसाळा अजून गेला नाही, भाई.

मला सांगायचं होतं पण धीर झाला नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मला सांगायचंच नव्हतं. तू फोनवर अम्मीला म्हणालास, अझहर सुधारला, ते मला ऐकू आलं होतं. ते मला सोडवत नव्हतं.

अब्बा पत्राच्या डोक्यावर जे आकडे लिहायचे ते मी या वेळी लिहिले नाहीत. आकड्यांचा दोष नाही. हात माझा.

शुक्रवारी मॅनेजरला सगळं सांगितलं. महिनाअखेर नोकरी सोड म्हणाला. पण पत्र दिलं. मार्चमध्ये हवं होतं तेच, सही-शिक्क्याचं. यासोबत जोडलंय. आता त्याने एक थेंबही सुटणार नाही.

ते कळंबला गजादादाच्या घरी घेऊन जा. भाभी म्हणते, दिवसकार्याला आलेल्यांनाही अंबूआई सांगत होती, माझ्या पोराच्या एका आकड्याने त्याचा दोस्त बुडाला. तिला वाचता येत नाही. तू वाचून दाखव, हे पत्र आणि फॅक्टरीचं, दोन्ही. मग नाक्यावरही सांग, जिथं बोललास तिथंच. आणि या वेळी गाडी बंद कर. आत जा.

अम्मीला यातलं तुला वाटेल तेवढं सांग.

गजादादाच्या आड लपून टिकलेला,
तुझा भाऊ
अझहर